पारवा की राखुंडी

पांढऱ्या रंगातलं आमच्या साडूंना जेवढं कळतं, तेवढं खुद्द बगळ्यालाही कळत नसेल. बगळा बिचारा स्वतःला पांढरा समजून निवांत उभा असतो. साडूंनी तो एकदा सकाळच्या उजेडात धरून पाहिला असता, तर मानेपाशी पिवळट झाक आहे असं सांगून सरळ दुसऱ्या प्रतीत टाकला असता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान, मुक्काम अकोला. वयाने माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो आणि ते मला साडूभाऊ म्हणतात. नोकरीभर ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी आली की कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा, तळचा मूठभर कापूस उपसायचा, सरकी दाताखाली फोडून ओल पाहायची, धागा दोन अंगठ्यांत ओढून लांबी पाहायची, आणि शेवटी तो कापूस तळहातावर घेऊन, सूर्याकडे पाठ करून, त्याचा रंग पाहायचा आणि प्रत सांगायची. साडूंनी प्रत सांगितली की संपलं. त्यावर सरपंचाचा फोन चालत नसे आणि सासऱ्याचाही चालत नसे. आमच्या सासऱ्यांचा स्वतःचा कापूस त्यांनी एका वर्षी दुसऱ्या प्रतीत टाकला होता आणि त्यानंतर पोळ्याला जावयाच्या पानात पुरण जरा कमीच पडलं, असं ताई सांगतात.

मी मुलगी पाहायला नांदगाव खंडेश्वरला गेलो, तेव्हा हे घरचे मोठे जावई म्हणून हजर होते. मला खोलीत मधोमध खुर्ची दिली होती. यांनी येताच "पाहुन्याले जरा उजेडात घ्या" असं म्हणून खुर्चीसकट मला खिडकीसमोर सरकवलं, खिडकीकडे पाठ करून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि सासऱ्यांना आत नेऊन निकाल दिला. तो निकाल मला लग्नानंतर कळला. "धागा लांब हाये, ताकद बेताची. पन डाग नाई. घ्या." गॅसचं सिलिंडर मला एका दमात उचललं गेलं नाही की माझी बायको आजही फक्त "ताकद बेताची" एवढंच म्हणते.

नोकरी संपली, पण प्रत लावायची सवय सुटली नाही. साबुदाणा, दही, धोतर, नातेवाइकांचे दात, जे जे पांढरं म्हणून समोर येई त्याला प्रत मिळे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी दोन वाढप्यांच्या भातात फरक काढला. एका पातेल्यातला तांदूळ जुना आहे आणि दुसऱ्यातला नवा, असं त्यांनी वधूपित्यासमोर जाहीर केलं आणि आचाऱ्याला ते कबूल करावं लागलं. तेव्हापासून आमच्या नात्यात पहिला भात साडूंच्या पानात कोणी वाढत नाही. कापडाच्या दुकानात ते शिरले की मालक चहा सांगतो आणि पोऱ्यांना पांढरे तागे आत ठेवायची खूण करतो, कारण साडू प्रत्येक तागा रस्त्यावर नेऊन पाहतात आणि त्यांच्याभोवती बघे जमून दुकानाचीच प्रत ठरू लागते. ट्यूबलाइटवर त्यांचा राग तर असा, की ती लावणाऱ्याच्या हेतूबद्दल त्यांना शंका येते. "उजेड खोटा असन तं मानूस खरा कसा दिसन?" असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मी त्यावर बराच विचार केला आणि घरातली ट्यूबलाइट तशीच ठेवली.

अशा माणसाच्या घरात ग्रे रंग शिरला. त्याचं असं झालं, की त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरी करते, तिचं लग्न जमलं आणि साक्षगंध म्हणजे साखरपुडा अकोल्याला राहत्या घरीच करायचं ठरलं. मंगल कार्यालय साडूंनी तिथल्या दिव्यांमुळे नापास केलं होतं. हॉलच्या भिंती तेव्हा गुलाबी होत्या. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, हॉलला ग्रे लावा. आता सगळीकडे ग्रेच असतो." हे मात्र खरं होतं. आमच्या वऱ्हाडात पूर्वी माणूस घराला पोपटी लावायचा, निळा लावायचा, दुरून बसमधून सासर ओळखू यायचं. आता अमरावतीपासून अकोल्यापर्यंत नव्या घरांत कुठेही जा, भिंती अशा दिसतात, की घरमालकाने कालच चूल विझवली असावी. बाहेर ऊन माणसाला भाजून काढत असतं आणि आत माणूस ढगाळ हवेचे पैसे देऊन बसलेला असतो. त्याला क्लासी म्हणतात. साडूंनी मुलीचं ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर ताईंना अस्सल वऱ्हाडीत, म्हणजे ळ चा य करत, म्हणाले, "ग्रे म्हंजे मयका पांढरा. जलमभर मी तो रंग नापास केला, आन आता तोच भितीले लावू?"

पण मुलीचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही. लावायचाच तर मग नीट पारखून लावायचा, असं ठरवून त्यांनी शेडकार्ड मागवलं. त्यात ग्रे म्हणून चिक्कार चौकोन होते आणि प्रत्येकाखाली असं इंग्रजी नाव, की वाचून एखाद्या थंड देशात वारल्यासारखं वाटावं. साडूंनी ती नावं कात्रीने कापून टाकली. चौकोन बाद करत करत शेवटी दोन राहिले. एकात त्यांना किंचित निळी झाक दिसली, त्याचं नाव त्यांनी पारवा ठेवलं. दुसऱ्यात मातकट झाक दिसली, तो राखुंडी. हिवरखेडकडच्या एका पेंटरला बोलावून त्यांनी हॉलच्या भिंतीवर ताटाएवढे दोन पट्टे शेजारी शेजारी मारून घेतले आणि अकोल्यातल्या जनतेला मत द्यायला बोलावलं. भाजीवाली आली, सिलिंडरवाला आला, शेजारचे वकील कोर्टात जाता जाता आले. प्रत्येकाला आधी पद्धत शिकवली जाई. खिडकीकडे पाठ करायची, एक पट्टा पाहायचा, डोळे मिटायचे, दारापर्यंत जाऊन यायचं, मग दुसरा पाहायचा. दोन्ही एकदम पाहणं म्हणजे लबाडी. वकील दारापर्यंत गेले ते परत आलेच नाहीत.

पट्ट्यांचे फोटो घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आले. नागपूरच्या आत्यांच्या फोनवर दोन्ही हिरवे दिसले. एका भाच्याने "तिसरा छान आहे" असं लिहिलं. होणाऱ्या व्याह्यांनी दोन्ही फोटोंना अंगठा दाखवला. शेवटी साडूंनी मला बोलावून घेतलं आणि मी रविवारी सकाळी अमरावतीहून बस धरली. पद्धत पाळून मी पाहिलं, डोळे मिटले, दारापर्यंत गेलो, परत आलो. म्हटलं, "भाऊ, मला तर सारखेच दिसतात." ओला कापूस आणलेल्या शेतकऱ्याकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमचा दोष नाई," ते म्हणाले. "पट्ट्याच्या खाली जुना गुलाबी हाये. तो आतून बोलून रायला."

म्हणून पेंटरला सांगण्यात आलं, की पट्टे खरवडून काढ, भिंतीला पांढरा हात मार आणि वरून पुन्हा दोन्ही रंग लाव. पेंटर सज्जन माणूस होता. तो एवढंच म्हणाला, "काका, लोक पोरगी पसंत कराले इतला टाइम नाई घेत." आणि दुसऱ्या कामावर निघून गेला. साक्षगंधाची तारीख जवळ येत चालली होती आणि हॉलमध्ये एक गुलाबी भिंत, तिच्यावर पोपडे आणि समोर खुर्ची टाकून बसलेले साडू एवढंच होतं. ताईंनी पेंटरच्या घरी जाऊन त्याला कसंबसं परत आणलं. दुसऱ्या खेपेचे पट्टे लागले आणि मला पुन्हा बोलावणं आलं.

या खेपेला ताईंनी मला आधी स्वयंपाकघरात घेतलं. हातात पोह्यांची बशी दिली आणि दार लोटून म्हणाल्या, "तुमी काई बोलू नोका. दोन्ही पट्टे एकाच डब्यातले हायेत."

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. पेंटरला त्यांनीच सांगितलं होतं, की जो डबा हाताशी येईल तो उघड आणि त्यातूनच दोन्ही पट्टे मार. "आता ते डावा म्हनोत का उजवा म्हनोत, भित एकच होते. त्याईले बोलाले पायजे, भितीले का फरक पडते? पोरीचे सासरचे यिऊन रायले. कोन्याबी रंगात बसतीन, पन रंग तं पायजे." एवढ्या वर्षांच्या संसारात ग्रेडरच्या डोळ्यांत त्यांनी पहिल्यांदाच धूळ फेकली होती, आणि ती इतक्या सरळ हाताने, की मी गप्प राहायचा शब्द देऊन टाकला.

हॉलमध्ये गेलो तर साडू वाट पाहत होते. त्या दिवशी त्यांनी मला त्या दोन पट्ट्यांमधला फरक जो सांगितला, तसं व्याख्यान मी पुन्हा ऐकलेलं नाही. डाव्यात कशी गारवा देणारी निळाई आहे, उजव्यात कसा काळ्या मातीचा अंश आहे, डावा दुपारी कसा मागे सरकतो आणि उजवा कसा पुढे येतो. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवत होतो. स्वयंपाकघराच्या दाराआडून बांगड्या वाजत होत्या. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही जराशी खटकली. बोलताना साडू भिंतीकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते, आणि मधेच त्यांनी विचारलं, "तुमाले कोनता वाट्टे?" त्यांनी असं आधी कधीच विचारलं नव्हतं. मी उगाच "डावा" म्हटलं. ते म्हणाले, "असं कसं? काहून?" आणि उत्तराची खरंच वाट पाहत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी ते न कळवता अमरावतीला माझ्या दारात उभे राहिले. डोळ्यांवर काळा गॉगल, हातात पिशवी, आणि उंबऱ्याला पाय लागला तरी उंबरा कुठे आहे ते कळलेलं दिसेना. पिशवीत शेडकार्ड होतं. अमरावतीच्या दुकानात रंग पाहायला आलो होतो, असं ते म्हणाले. गॉगल घालून ग्रे पाहायला येणारा माणूस खोटं बोलतो आहे हे ओळखायला ग्रेडर असावं लागत नाही. मी त्यांना हाताला धरून आत नेलं. बायको गिलावडा, म्हणजे आमच्याकडचा दह्या-चटणीतला वडा, आणायला कोपऱ्यावर गेली होती, घरात आम्ही दोघेच होतो. थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं, की डोळ्यांच्या डॉक्टरकडे आलो होतो, औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आता स्टँडवर बसची पाटी वाचता येत नाही म्हणून तुमच्याकडे आलो. अकोल्यात दाखवलं असतं तर ताईंना कळलं असतं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"मोतीबिंदूची सुरुवात हाये म्हने. आता काई कराची गरज नाई, थंडीत पाहू म्हने. अक्षरं वाचून घेतली माह्याकून. अक्षरं कोनीबी वाचते साडूभाऊ, काया रंग पांढऱ्यावर कोनाले नाई दिसत?"

गॉगल घातलेल्या माणसाच्या मनात काय चाललं आहे हे कळायला काही मार्ग नसतो. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"पेंटरनं दुसऱ्या खेपेले पट्टे मारले ना," ते म्हणाले, "तवापासून मले दोन्ही सारखेच दिसून रायले. सकायी पायलं, दुपारी पायलं. फरकच नाई. कोनाले सांगू? जो फरक आधी दिसला होता तोच तोंडपाठ म्हनून दाखवत होतो सगळ्याईले. तुमालेही."

मला हसू यायला हवं होतं, पण ते पुढे बोलले आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं.

"डॉक्टरले इचारलं, हे कवापासून असन. तो म्हने सांगता येत नाई, हयूहयू येते, मानसाले समजत नाई. मंग नोकरीच्या शेवटच्या साली? लोक बिचारे पयाट पयाट गाडी लावून उभे रायचे. मी दुसरी म्हटलं की दुसरी. कोनी भांडला तरी मी आयकलं नाई. मले वाटे माहा डोया हाये. तो डोयाच गेला असन तं?"

ताईंना शब्द दिलेला होता. तो किती पाळायचा याचा मी फार विचार केला नाही. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. एकच डबा, दोन्ही पट्टे, पोह्यांची बशी, सगळं. तुमच्या डोळ्यांना सारखे दिसले कारण ते सारखेच आहेत, भाऊ, अख्ख्या अकोल्यात तेवढा एक डोळा बरोबर होता.

साडूंनी हातातलं पाणी पिऊन टाकलं. "एकाच डब्यातले," ते म्हणाले. "बायको ग्रेडरची शोभते." आणि हसायला लागले. काळ्या गॉगलखालून पाणी गळत होतं, ते औषधाचं असेल असं आम्ही दोघंही धरून चाललो. हसता हसता ते थांबले आणि अगदी अधिकाराने म्हणाले, "राखुंडी लावला असन. मातकट झाक हाये त्यात, तेवढं मले पक्कं दिसते." मग त्यांनी मला बजावलं, की मला हे समजलं हे तिला कळू देऊ नका, तिची हौस मोडेल. माझी बायको गिलावडे घेऊन आली तेव्हा ते चटणीची प्रत ठरवण्याइतपत पूर्ववत झाले होते.

अकोल्याला परत गेल्यावर त्यांनी मोठा गाजावाजा करून डावा पट्टा पसंत केला. ताईंनी "हो, डावाच चांगला हाये, मले पयलेपासून तोच वाटत होता" असं म्हटलं. साक्षगंधाच्या दिवशी हॉल ग्रे होता, पडदे ग्रे होते आणि नवरदेवाचा कुडतासुद्धा ग्रे होता, त्यामुळे तो भिंतीपाशी उभा राहिला की फक्त डोकं दिसे. साडू प्रत्येक पाहुण्याला भिंतीपाशी नेऊन उजव्या पट्ट्यापेक्षा हा डावा कसा सरस ठरला ते सांगत होते. ताई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. दोघांपैकी कोण कोणाला फसवतं आहे हे मला एकट्याला माहीत होतं, आणि दोघंही इतकी खुशीत होती, की मी जिलबीकडे लक्ष दिलं.

पुढे थंडी पडली, मुलगी सासरी गेली आणि साडूंनी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला. तब्येतीचं विचारायच्या आतच ते म्हणाले, "साडूभाऊ, भित पारवा हाये."

"म्हणजे?"

"निया हाये तो. चांगला निया. मी राखुंडी म्हटलं होतं. पेंटरले फोन लावून इचारलं, तो म्हने पारव्याचाच डबा होता काका." मग म्हणाले, "एक डोया झाकून पायलं. जुन्या डोयानं पायलं तं अजूनही मातकट दिसते. म्हंजे तवा केंद्रावर पांढरं होतं तेही पिवयं दिसत असन मले."

मी म्हटलं, भाऊ, तुम्हाला नोकरी सोडून किती वर्षं झाली, तेव्हा हे नसणार, डॉक्टरांनीही सुरुवात आहे असंच सांगितलं होतं. ते म्हणाले, "हो, तेही हाये." पण त्यांनी माझं म्हणणं कोणत्या प्रतीत टाकलं ते मला कळलं.

मी त्यांना पाहायला गेलो तेव्हा कापसाचा हंगाम भरात होता. संध्याकाळी ते मला घेऊन मूर्तिजापूर रस्त्यावर फिरायला निघाले. जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या, वर शेतकरी पाय सोडून बसलेले. साडू रस्त्याच्या कडेला थांबले. त्यांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला. पहिली ट्रॉली गेली, ते हळूच म्हणाले, "पयली." दुसरी गेली, "पयली." तिसरीच्या मागे पावसात भिजून पिवळा पडलेला कापूस होता, तो माझ्यासारख्यालाही दिसत होता. तिच्यावर एक म्हातारा फटकुराने तोंड झाकून बसला होता. मी म्हटलं, "भाऊ, हा?"

साडूंनी त्या कापसाकडे पाहिलं, त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि ट्रॉली वळणापर्यंत जाईतो पाहत राहिले.

"पयलीच म्हना," ते म्हणाले.